जमातीचा विश्वास आणि कोरी पावती

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच घरात सहरी-इफ्तारची वेळापत्रके येऊन पडतात. मशिदीतून एक, किराणा दुकानातून एक, मुलांच्या दप्तरातून एक. लहानपणी या कार्डांच्या मागच्या बाजूला कापड दुकान, बेकरी, खजूरवाले किंवा अत्तरवाले यांची जाहिरात असे. यंदा आमच्या फ्रिजवर पाच कार्डे लागली आहेत आणि त्यातली चार उमरा टूरवाल्यांची आहेत. काबा, मदिनेचा हिरवा घुमट, विमान आणि खाली मोबाईल नंबर. रोजा सोडण्याची वेळ बघायला गेलो की रोज दोनदा तो नंबर दिसतो.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे सांगतो. हज वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवसांत होतो आणि ऐपत असेल त्याच्यावर आयुष्यात एकदा तो फर्ज आहे. उमरा लहान यात्रा. एहराम बांधायचा, काबेला सात प्रदक्षिणा म्हणजे तवाफ, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या, मग केस कापायचे. उमरा वर्षभर करता येतो. आपल्याकडच्या बहुसंख्य हनफी मुसलमानांच्या मते तो सुन्नत आहे. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्याकडे मात्र आयुष्यात एकदा उमराही आवश्यक मानतात. रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब हजच्या तोडीचा, अशी हदीस असल्यामुळे या महिन्यात, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, मक्केत पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतून मशिदीच्या जमातीने, बायकामुलांसह, बसभर माणसे घेऊन उमऱ्याला जाणे ही अलीकडची गोष्ट आहे. तिची कारणे तीन देशांइतकी लांब पसरलेली आहेत. सौदी अरेबियाने २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर केले. तेलावरचे अवलंबन कमी करायचे तर यात्रेकरू हवेत. २०३० पर्यंत परदेशातून वर्षाला तीन कोटी उमरा यात्रेकरू आणायचे हे त्या आराखड्यातले लक्ष्य आहे, आणि २०२४ मध्येच हा आकडा सुमारे १ कोटी ६९ लाखांवर गेला. व्हिसा सोपा झाला, ‘नुसुक’ नावाचे अॅप आले. २०२२ मध्ये त्यांच्या हज मंत्र्यांनी जाहीर केले की महिलांना उमऱ्यासाठी महरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ असा जवळचा पुरुष, सोबत असण्याची सक्ती नाही. आपल्या सरकारनेही २०१८ पासून पंचेचाळिशीपुढच्या महिलांना चौघींच्या गटाने महरमशिवाय हजला जाऊ दिले होते. आमच्या गटात तीन निवृत्त शिक्षिका होत्या, तिघीही विधवा. पूर्वी त्यांना भाच्यापुतण्यांची मनधरणी करावी लागली असती.

दुसरे कारण हजची अवस्था. भारताचा कोटा १,७५,०२५. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, त्यातले १,२२,५१८ हज कमिटीतून आणि ५२,५०७ खासगी टूरवाल्यांमार्फत जायचे होते. सरकारने आठशेहून अधिक टूरवाल्यांना एकत्र करून २६ गट केले. मिनातल्या तंबूंची, निवासाची आणि वाहतुकीची बांधणी सौदीच्या मुदतीत झाली नाही आणि सौदीने जागा रद्द केल्या. आपल्या सरकारने रदबदली केल्यावर दहा हजारांसाठी दार पुन्हा उघडले. बाकी बेचाळीस हजारांवर लोक पैसे भरून, बॅगा भरून घरीच राहिले. टूरवाले सरकारकडे बोट दाखवत होते, सरकार टूरवाल्यांकडे. त्या बेचाळीस हजारांतल्या कित्येकांना त्याच टूरवाल्यांनी सांगितले, “हज नाही तर नाही, तोवर उमरा करून या.”

धार्मिक मंडळींना एकत्र करून सहल काढायची ही कल्पना मात्र जुनी आहे. ज्याला आपण आज ‘गाईडेड टूर’ म्हणतो तिचा जन्मच तसा झाला. थॉमस कुक हा बाप्टिस्ट पंथाचा, दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग. पुढे त्यातून जगभर पसरलेली कंपनी झाली. १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाचे हज यात्रेकरूंनी भरलेले जहाज कप्तान आणि गोरे अधिकारी भर समुद्रात टाकून पळाले. जहाज वाचले, पण ब्रिटिश सरकारची छी-थू झाली. १८८६ मध्ये मुंबईहून जाणाऱ्या हाजींच्या प्रवासाची व्यवस्था सरकारने थॉमस कुकच्या कंपनीकडे दिली. काही वर्षांतच ती बंद पडली. यात्रेकरूला कोणी लुबाडू नये म्हणून मधे एक जबाबदार माणूस असावा, हा प्रश्न एकशे चाळीस वर्षांपूर्वीही होता एवढेच मला इथे सांगायचे आहे.

माझे आजोबा मोगल लाइनच्या ‘मुहम्मदी’ बोटीने हजला गेले होते. मुंबईच्या मुसाफिरखान्यात आठवडाभर मुक्काम, मग समुद्र, मग वाळवंट. निघताना स्टेशनवर गावातल्या मारवाड्याने आणि पाटलांनी त्यांच्या हातात नारळ दिला होता, हे अम्मी अजून सांगते. बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या. आजोबांची पावती मात्र आमच्या पेटीत आहे. डेक क्लास, बोटीचे नाव, तारीख, रक्कम, सही.

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही पाच जण गेलो. अम्मी, माझी पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. आमच्याच मशिदीच्या जमातीतले चाळीस जण, शिवाय इमामसाहेब आणि त्यांची बेगम. शाळांना सुट्टी, कॉलेजला सुट्टी, शिक्षक मंडळींना रजा टाकायला नको, म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच जमाती आता दिवाळीतच निघतात. माणशी ९२ हजार, ‘सगळं धरून’. अम्मीने तिच्या दोन पाटल्या मोडल्या. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, “तुझ्या पैशाने गेले तर तुझा सवाब. मला माझा पाहिजे.”

विमानतळावरच एहराम, आकाशात यलमलमची हद्द ओलांडताना सगळ्यांनी एकसुरात म्हटलेली तलबिया, पहाटे तीनला काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा अम्मीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. या सगळ्यावर लिहायला बसलो तर पान पुरणार नाही. गटाने जाण्याचा आनंद खरा आहे. ७९ नंबरच्या गेटजवळ सगळ्यांनी जमायचे, कोणाची चप्पल हरवली, कोणाच्या आजोबांना सई झेपेना, ते सुमारे तीन किलोमीटर असते, तर मोहल्ल्यातली पोरे आळीपाळीने व्हीलचेअर ढकलत होती. गावात एकमेकांशी बोलणे सोडलेले दोन सख्खे भाऊ एका खोलीत आले आणि चौथ्या दिवशी एका ताटात जेवू लागले.

पण हॉटेल ‘हरमपासून ४०० मीटर’ म्हणून सांगितलेले, ते दोन किलोमीटरच्या पुढे निघाले. चढाचा रस्ता. शटल बस होती, ती गर्दीच्या वेळी बंद. अम्मी एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. मक्केतल्या आठ दिवसांत तिला हरममध्ये पाच वक्त नमाज पढायची होती, त्यासाठी ती आली होती. चार दिवस ती हॉटेलच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून पढली. खिडकीतून क्लॉक टॉवरचे टोक दिसायचे. मला हे लिहिताना आजही राग येतो. कुटुंबासाठी वेगळी खोली मिळेल असे तोंडी ठरले होते. प्रत्यक्षात बायका एका खोलीत पाच, पुरुष एका खोलीत पाच. रात्री मुलगा तापला तेव्हा पत्नी दुसऱ्या मजल्यावर आणि मी सहाव्या.

टूरवाल्याच्या माणसाकडे तक्रार केली तर तो नम्रपणे म्हणाला, “सर, सब्र. या जागी भांडण करू नये, कुराणातच सांगितलंय.” सूरह बकरामध्ये हजच्या काळात वादविवाद टाळायचा आदेश आहे, हे खरे. तो हाजीच्या मनाला शिस्त लावण्यासाठी आहे. हॉटेलचे भाडे वाचवणाऱ्याला ढाल म्हणून तो उतरलेला नाही. पण त्या क्षणी बसमधल्या एकेचाळीस माना खाली गेल्या, आणि माझीही गेली.

मक्केहून मदिनेला आम्ही रात्रीच्या बसने गेलो. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. २०१८ पासून या मार्गावर वेगवान हरमैन रेल्वे आहे, दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. बस स्वस्त पडते. त्यातही रात्रीची बस घेतली की मक्केतली खोली दुपारी सोडायची, मदिनेतली सकाळी घ्यायची, एका रात्रीचे भाडे वाचते. हे गणित मला तेव्हा कळले नाही. मुले माझ्या मांडीवर झोपली होती, चालकाला डुलकी येऊ नये म्हणून इमामसाहेब पुढे बसून मोठ्याने नात म्हणत होते.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. १७ नोव्हेंबरला सकाळी बातमी आली. मक्केहून मदिनेला निघालेली उमरा यात्रेकरूंची बस रात्री मदिनेजवळ डिझेलच्या टँकरशी धडक होऊन पेटली. ४५ भारतीय गेले, बहुतेक हैदराबादचे. एकाच कुटुंबातले अठरा जण, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत. त्यांना मदिनेतच, जन्नतुल बकीत दफन केले. तेलंगण सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख जाहीर केले. त्या दिवशी अम्मीने दोन्ही नातवंडांना शाळेत पाठवले नाही.

अपघात कुठेही होतो. त्या बसच्या बाबतीत कोणाची चूक, हे मी ठरवणारा कोण? पण कुटुंबाच्या तीन पिढ्या एका बसमध्ये बसतात तेव्हा ती बस कोणाची, चालक किती तासांचा जागा, रात्रीच का निघायचे, हे विचारणारे कोणी असते का? हजसाठी निदान अल्पसंख्याक मंत्रालयाकडे टूरवाल्याची नोंदणी लागते. उमऱ्यासाठी तशी परवाना पद्धतच आपल्याकडे नाही. सौदीतल्या एखाद्या परवानाधारक कंपनीशी हात मिळवला, गावात एक गाळा घेतला, फ्लेक्स लावला की धंदा सुरू. व्हिसाच्या फीमध्येच विमा असतो, हे आमच्या गटातल्या एकालाही माहीत नव्हते. मुलाच्या तापासाठी मी पदरचे पैसे घालून औषध आणले.

कर मात्र व्यवस्थित आहे. टूरच्या पॅकेजवर पाच टक्के जीएसटी. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना दोन सरकारांमधल्या करारामुळे त्यातून सूट आहे. हीच सूट कैलास मानसरोवराच्या सरकारी यात्रेलाही लागू होते, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. खासगी टूरवाल्यांनी आपल्यालाही ती मिळावी म्हणून दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये तो फेटाळला. शिवाय परदेशी पॅकेजवर तेव्हा दहा लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस टूरवाल्याने गोळा करून तुमच्या पॅनवर भरायचा असे. २०२६ च्या अर्थसंकल्पाने तो एप्रिलपासून दोन टक्के केला. विवरणपत्र भरले की तो परत मिळतो किंवा करातून वळता होतो. आमच्या पाच जणांचे ४ लाख ६० हजार झाले. मी माझे २६ एएस उघडून पाहिले, एक रुपयाची नोंद नाही. पावती म्हणून जो कागद मिळाला त्यावर ‘उमरा, ५, जमा’ एवढेच आहे. ना जीएसटी क्रमांक, ना हॉटेलचे नाव, ना अंतर. आजोबांची डेक क्लासची पावती यापेक्षा बोलकी आहे.

मग मी, कॉलेजात शिकवणारा, मुलांना अर्ज नीट वाचा म्हणून ओरडणारा, पैसे देताना गप्प का बसलो? कारण पैसे मी टूरवाल्याला दिलेच नव्हते. ते मशिदीच्या ओसरीवर इमामसाहेबांच्या हातात दिले होते. त्यांच्याकडून पावती मागायची?

या धंद्याचा कणा इथे आहे. वीस माणसांमागे एक सीट फुकट, असा उघड हिशेब असतो. चाळीस माणसे जमवली, दोन सीटा. टूरवाल्याला जाहिरातीने जे मिळत नाही ते जमातीच्या भरवशावर मिळते. पुढे काही बिनसले तर तक्रार टूरवाल्याविरुद्ध राहत नाही, ती इमामाविरुद्ध, मोहल्ल्याविरुद्ध, शेवटी अल्लाहच्या घराविरुद्ध वाटू लागते. परत आल्यावर आम्ही अकरा जण ग्राहक आयोगात जावे म्हणून इशाच्या नमाजनंतर बसलो. एक बुजुर्ग म्हणाले, “जाऊन आलात, कबूल झालं असेल. आता कोर्टात जाऊन ते नासवता कशाला?” अकराचे तीन उरले.

इमामसाहेबांवर मी राग धरू शकत नाही. त्यांचा पगार अकरा हजार. एकोणीस वर्षे रोज पाच वेळा काबेकडे तोंड करून ते आमची नमाज पढवतात, आणि काबा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो या फुकट सीटवर. जमातीने चाळीस घरांतून वर्गणी काढून त्यांना आधीच पाठवले असते तर त्या सीटची त्यांना गरज पडली नसती. आमच्यापैकी कोणाला ते सुचले नाही, आणि चूक शोधायची तर पहिली तिथे आहे.

कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये हे सगळे बोललो तेव्हा भूगोलाचे आमचे सहकारी हसले. त्यांचे आईवडील एका कीर्तनकार महाराजांच्या गटाबरोबर काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेले होते. डिलक्स बस साधी निघाली, परतीचा एक मुक्काम धर्मशाळेच्या ओट्यावर. “महाराजांना कोण बोलणार?” ते म्हणाले. आम्ही दोघांनी चहा संपवला.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आहे, आणि तो सोपा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, टूरवाला मुंबईचा असो की हैदराबादचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण आयोगापुढे कागद लागतो. तोंडी ‘चारशे मीटर’ तिथे चालत नाही.

आणि कागद करा, हे काही मी पाश्चात्त्य कायद्यातून आणलेले नाही. रमजान हा कुराण उतरल्याचा महिना. रोज रात्री तरावीहमध्ये आमचे हाफिजसाहेब ते पढतात, आणि पहिल्या काही रात्रींतच सूरह बकराची २८२ वी आयत येते. सबंध कुराणातली ही सर्वांत लांब आयत. विषय नमाज नाही, रोजा नाही. उसनवारीचा व्यवहार ठरला तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असे ती सांगते. उसने देताना एवढी काळजी, तर वर्षभराची कमाई आगाऊ देताना किती असावी? ती ऐकत आम्ही दरवर्षी हात बांधून उभे असतो. यंदा ती पढली गेली त्या रात्री माझ्या शेजारच्या रांगेत आमच्या टूरवाल्याचा स्थानिक माणूसही होता.

तरावीह संपल्यावर परवा इमामसाहेब माझ्या घरी आले. येत्या दिवाळीत आणखी एक गट निघायचा आहे, सव्वीस नावे आली आहेत. या वेळी त्यांनी स्वतःची सीट घेतलेली नाही. खिशातून पावतीपुस्तक काढले आणि म्हणाले, “सर, यावर काय काय लिहून घ्यायचं ते मराठीत नि उर्दूत लिहून द्या. मी त्यांना पाठवतो.” आम्ही बसून सात ओळी केल्या. दोन्ही हॉटेलांची नावे आणि मुख्य दारापासून पायी अंतर. खोलीत किती माणसे, कुटुंब एकत्र की वेगळे. मदिनेचा प्रवास दिवसा, आणि रेल्वे हवी असल्यास किती जादा पडतील. विम्याचा क्रमांक आणि दवाखान्यात कोणाला फोन करायचा. जीएसटी, टीसीएस. रद्द झाल्यास किती परत आणि किती दिवसांत. फुकट सीट कोणाला दिली, त्याचे नाव. शेवटची ओळ त्यांनीच सांगितली.

काल टूरवाल्याचे उत्तर आले. सहा ओळींवर त्याने सही केली आहे. हॉटेलच्या नावाची जागा कोरी आहे, “निघायच्या आठवडाभर आधी सांगू.” इमामसाहेबांनी अजून एकाचेही पैसे त्याच्याकडे दिलेले नाहीत. अम्मीने विचारले की त्या सव्वीसांत अजून जागा आहे का.